सदर धूर निर्दोष आहे

आमच्या बिल्डिंगमध्ये पाण्याचा टँकर आला की वॉचमन गेट उघडायला धावतो, सेक्रेटरी पाइप बघायला जातात आणि कर्णिक काका टँकरच्या मागे जाऊन वाकतात. हात कमरेवर, डोळे मिटलेले आणि नाक सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर. दोन-तीन श्वास घेतात, रुमालाने नाक पुसतात आणि केबिनपाशी जाऊन निकाल देतात, "सदर धूर सदोष आहे. युरिया तरी संपलाय, नाहीतर कुणीतरी सेन्सरची वायर कापलीय."

ड्रायव्हर नवीन असेल तर तो काकांना आरटीओचा माणूस समजतो आणि गाडीचे कागद शोधायला लागतो. जुना असेल तर हसतो आणि इंजिन बंद करतो. इंजिन बंद केलेलं काकांना अजिबात आवडत नाही. ते त्याला परत चालू करायला लावतात.

मी काकांच्या समोरच्या दारात राहतो. पनवेलला एका विम्याच्या ऑफिसात नोकरी करतो आणि लोक कशाकशाने मरतात याचे कागद दिवसभर चाळतो. त्यामुळे माझा स्वभाव मुळातच आशावादी नाही. त्यात राहायला खांदा कॉलनी. एकीकडे हायवे, दुसरीकडे कळंबोलीचं लोखंडाचं मार्केट, पलीकडे तळोज्याचे कारखाने आणि मधून सतत मातीचे डंपर. खिडकी उघडली तर धूळ येते आणि बंद केली तर जीव घुसमटतो. आम्ही सगळ्यांनी हवेचा नाद केव्हाच सोडलाय. खोकला आला की खोकतो, डोळे चुरचुरले की चोळतो. अशा गावात एक सत्तरी ओलांडलेला माणूस एकेका गाडीच्या मागे वाकून तिचा धूर तपासतो, म्हणजे एक तर तो वेडा असला पाहिजे किंवा त्याची आशा अजून शाबूत असली पाहिजे, असं मला वाटायचं. दोन्ही अंदाज चुकीचे होते.

काका भूसंपादन कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. शाळेत विज्ञानात काठावर पास झालो हे ते स्वतःच सांगतात. नोकरीभर शेतकऱ्यांच्या जमिनींचे कागद लावले. त्यामुळे त्यांची भाषा सरकारी आणि त्यांचं रसायनशास्त्रही सरकारी. एकदा जिन्यात मी सहज म्हटलं, की काका, हा काय प्रकार आहे एकदा समजावून सांगा. तिथेच कठड्याला टेकून त्यांनी मला सुनावणी दिली.

"हे बघा," काका म्हणाले, "नायट्रोजन आणि ऑक्सिजन हवेत शेजारी शेजारी राहतात. कुणाचा कुणाला त्रास नाही. इंजिनात प्रचंड उष्णता होते, त्या गडबडीत दोघांच्या नावावर एकच सातबारा चढतो. झाला तुमचा नायट्रोजन ऑक्साइड. आता ही सामायिक मिळकत म्हणजे भानगड आलीच. खोकला म्हणू नका, दमा म्हणू नका. तेव्हा वाटप करणं प्राप्त आहे."

हे वाटप सायलेन्सरच्या आधीच्या एका डब्यात होतं. डब्यात एक वीट असते, तिला आरपार बारीक बारीक भोकं असतात आणि भोकांच्या आत लेप दिलेला असतो. त्या लेपाला उत्प्रेरक म्हणतात. काका त्याला कार्यालय म्हणतात. वाटेत युरियाच्या पाण्याचा फवारा बसतो, त्यातून अमोनिया निघतो, तो मध्यस्थ. सगळे पक्षकार कार्यालयात येऊन बसतात, वाटप होतं, नायट्रोजन मोकळा होऊन हवेत जातो आणि ऑक्सिजनचं पाणी होतं. कार्यालय आहे तिथेच राहतं आणि पुढचा अर्ज घेतं.

"आणि काम झालं नाही तर?" मी विचारलं.

"कार्यालय तापलेलं असावं लागतं. गाडी कळंबोली सर्कलला तासभर रखडली की डबा गार पडतो. मग आलेला अर्ज जसाच्या तसा बाहेर. हे मी नोकरीतही पाहिलंय."

मला हसू आलं, पण काका हसले नाहीत. त्यांनी माझ्या जुन्या स्कूटरची चौकशी केली. ती विकून मी विजेवर चालणारी घेतली, असं सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा रस गेला. धूरच नाही तर ते वाहन आमच्या विचारकक्षेत येत नाही, असं म्हणून ते वर निघून गेले. त्या दिवसानंतर माझ्या गाडीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

काकांच्या विचारकक्षेत सगळ्यात वर होती बाळाराम म्हात्रेची बस. बाळाराम कामोठ्याचा, मूळ गावातला. त्याच्या वडिलांचे जमिनीचे कागद काकांनी नीट लावून दिले होते आणि तेही चहासुद्धा न घेता, त्यामुळे त्याच्या घरात काकांना देवाच्या खालोखाल मान. बाळाराम एका कारखान्याच्या कामगारांची ने-आण करतो. त्याने नवीन बस घेतली, तिला तो वाटपाचा डबा होता, आणि तेव्हापासून काका दर दोन दिवसांनी रिक्षा करून कामोठ्याला जायला लागले. बस उभी असेल तिथे जायचं आणि मागे वाकायचं. बाळाराम बिचारा शिफ्टची वेळ झाली तरी स्टिअरिंगवर हात ठेवून थांबायचा. "काका, झाला का तुमचा? आमाला ड्युटी हाय," एवढंच म्हणायचा.

एकदा काकांच्या मनात आलं की युरियाचं पाणी बाजारातून आणायचं कशाला. शुद्ध पाणी आणि युरिया, दोनच तर गोष्टी. बाळारामच्या आईची थोडी भातशेती अजून आहे, घरात शेतीच्या युरियाची गोण पडलेली होती. काकांनी आपल्या बाथरूममध्ये बादली मांडली, स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं पाणी ओतलं आणि लाटण्याने ढवळलं. साऱ्या मजल्यावर कडुनिंबाचा उग्र वास सुटला. माझ्या बायकोला वाटलं कुणाला तरी गोवर निघालाय.

शेतीच्या युरियाला आपल्याकडे कडुनिंबाचं तेल चोपडलेलं असतं, हे काकांना ठाऊक नव्हतं. खरं तर सरकारी नोकरीत जन्म गेलेल्या माणसाला ठाऊक असायला हवं होतं, कारण तो युरिया शेतीबाहेर कुणी वापरू नये हादेखील त्या तेलाचा एक हेतू. ते पाणी बसच्या टाकीत गेलं. पुढे काही दिवसांतच फवारा तुंबला, डब्यातल्या भोकांवर चिकट थर बसला, पिवळा दिवा पेटला आणि ऐन दुपारच्या शिफ्टला बस कळंबोलीच्या पुलावर बैलगाडीच्या चालीने सरकायला लागली. आतल्या बायकांनी बाळारामला जे ऐकवलं ते त्याने काकांना सांगितलं नाही. फक्त फोन करून म्हणाला, "काका, गाडी चालंना. तुमी जरा येता का?"

काका गेले, जाताना मलाही ऑफिसातून घेऊन गेले. त्यांनी तिथूनच मुलाला फोन लावला. मुलगा, अमेय, जर्मनीत असतो. गाड्यांचे हेच डबे बनवणाऱ्या कंपनीत तो उत्प्रेरकांवर काम करायचा. वार कामाचा होता, तिकडे ऑफिसची वेळ. तरी त्याने फोन उचलला, व्हिडिओ चालू करायला सांगितलं, मला बसच्या खाली झोपवलं आणि मोबाइल इकडे धरा, तिकडे धरा, असं करून सगळं पाहिलं. मग त्याने विचारलं, "बाबा, तुम्ही टाकलंत काय त्यात?"

काकांनी खरं ते सांगितलं. तो हसायलाच लागला. हसताना त्याचा फोन हलत होता, चित्र वेडंवाकडं होत होतं. मी ऑइलने माखलेल्या रस्त्यावर उताणा पडून ते बघत होतो. काका माझ्या डोक्याशी उकिडवे बसले होते. दुसऱ्याचा एवढा मोठा तोटा करून ठेवलेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो. तो चेहरा उजळला होता. नवीन डबा पुढे काकांनीच स्वतःच्या पैशाने बसवून दिला. बाळाराम नको नको म्हणत होता.

आमच्या मजल्यावर रविवारी संध्याकाळी सगळे दारं उघडी ठेवतात, वारा आलाच तर यावा म्हणून. त्या वेळी अमेयचा फोन येतो. जर्मनी लांब आहे म्हणून काका ओरडून बोलतात, त्यामुळे संभाषण आम्हा सगळ्यांना ऐकू येतं. बस दुरुस्त झाल्यावरच्या रविवारी काका ओरडून सांगत होते, की फवाऱ्याच्या तोंडाशी पांढरे खडे साठलेत. त्याच्या पुढच्या रविवारी सेन्सर खोटं बोलत होता. मग डब्याला सूक्ष्म तडा गेल्याचा संशय. अमेय बारीकसारीक विचारायचा, काका सांगायचे, अर्धा तास कुठे जायचा कळायचं नाही.

माझ्या मनात आलं, बाळारामच्या नशिबी काय गाडी आलीय. एकदा पनवेलच्या एसटी स्टँडपाशी तो भेटला तेव्हा मी विचारलं, की काय रे, खडे गेले का.

"कसले खडे?" बाळाराम म्हणाला. "गाडीला काय झालाय? गाडी मस्त चालतेय. तुमाला कोनी सांगितला?"

मला काकांचा राग आला. या माणसासाठी मी रस्त्यावर झोपलो होतो. घरी आलो तो काका जिन्यातच भेटले, हातात भाजीची पिशवी. मी सरळ विचारलं, की काका, बस ठणठणीत आहे, मग मुलाला खोटं कशाला सांगता?

काकांनी पिशवी पायरीवर ठेवली. बाहेर डोकावणारी मेथी आत सारली.

"गाडी बरी आहे म्हटलं," ते म्हणाले, "तर तो 'बरं' म्हणतो. मग पुढे?"

आणि पायरीवर बसून त्यांनी मला सांगितलं. काकांच्या पत्नी, नलूकाकू, होत्या तोवर फोन काकूंचा असायचा. त्या तासभर बोलायच्या, मुलाने काय खाल्लं इथपासून त्याच्या शेजारणीच्या कुत्र्यापर्यंत. शेवटी फोन काकांकडे यायचा. "हं, अमेय, बरंय ना?" "हो बाबा, तुम्ही?" "बरंय. ठेव मग." एवढंच. काकूंना जाऊन आता बराच काळ झाला. फोन येत राहिला, पण तो तासभर काकूंबरोबर गेला होता. बापलेकांकडे तेवढी दोन वाक्यं होती, ती पहिल्याच मिनिटात संपायची. मग दोघे नुसते फोन धरून बसायचे. पूर्वी परदेशी बोलायला पैसे पडायचे, त्यामुळे फोन ठेवायला कारण तरी असायचं. आता तेही राहिलं नव्हतं.

अशाच एका रविवारी खाली टँकर आला आणि त्याचा आवाज फोनमध्ये गेला. अमेयने विचारलं, बाबा, कसला आवाज? टँकर आहे, फार धूर सोडतो, असं काका म्हणाले. धूर काळा आहे की नुसताच डोळ्यांना झोंबतो, असं अमेयने विचारलं. काकांना ते सांगता आलं नाही, पण अमेय बोलत राहिला. झोंबणारा असेल तर का, काळा असेल तर का, आपण इथे त्यावर काय करतो. काकांना त्यातलं एक अक्षर कळलं नाही. फोन ठेवल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी खाली जाऊन टँकरच्या मागे वाकले.

आमच्या बिल्डिंगमध्ये अशी पाच-सहा घरं सहज निघतील. पोरं कॅनडात, पोरं सिंगापुरात, आणि इकडे म्हातारी माणसं चार्जिंगला लावलेल्या मोबाइलकडे बघत बसलेली. यावर काही इलाज आहे असं मला वाटत नाही. आपणच त्यांना शिकवलं, आपणच विमानतळावर पेढे वाटले. मी पिशवी उचलून काकांच्या दारापर्यंत नेऊन दिली.

त्यानंतर मीच काकांना बिघाड पुरवायला लागलो. ऑफिसात अपघाताचे दावे येतात, गॅरेजवाल्यांशी बोलणं होतं, तिथून काही ना काही कानावर पडायचं. बाळारामलाही मी सांगून टाकलं. मग तो दर शनिवारी काकांना स्वतः फोन करायला लागला, "काका, आमच्या चुलत्याच्या गाडीत युरियाचा पंप गेलाय. आमच्या गाडीचा गेला म्हनून सांगा." अशी त्या धडधाकट बसला एकेक दुखणी जडत गेली. अमेयला एवढं कळू नये याचं मला नवल वाटायचं. इतकी आजारी बस जगात एकच असेल.

मग तो रविवार आला. काकांनी ओरडून सुरुवात केली होती, पण तिकडून अमेयनेच त्यांना थांबवलं. काकांनी फोन स्पीकरवर टाकला होता. त्यांना वाटलं असणार काहीतरी आनंदाचं आहे, मजल्याला ऐकू दे.

"बाबा, गुड न्यूज," अमेय म्हणाला. "आमचं डिझेलचं डिपार्टमेंट बंद होतंय. बऱ्याच जणांना जावं लागलं, पण मला बॅटरीकडे घेतलंय. फ्रेश स्टार्ट. इकडे आता डिझेलला काही फ्यूचर नाही."

"अभिनंदन," काका म्हणाले. मग थोडं थांबून, "मग ते डबे?"

"ते आता दुसरं कोणीतरी बघेल."

"आणि बाळारामची गाडी?"

"सर्व्हिस सेंटरला दाखवा ना, बाबा. ते करतील."

त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. तो दमलेला वाटत होता आणि नोकरी वाचली म्हणून सुटकेचा श्वास टाकत होता. माझा मुलगा असता तर मीही देवापुढे साखर ठेवली असती. तरी मला समोरच्या दाराकडे बघवेना. काकांनी नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारलं, "बरंय ना बाकी?" अमेय हो म्हणाला. मग काकांनी, रविवारच्या फोनमध्ये बहुतेक पहिल्यांदाच, उठून दार लावून घेतलं.

त्यानंतर रविवारी समोरून आवाज ऐकू येईनासा झाला. फोन येत होता, एवढं माहीत होतं, कारण रिंग वाजायची. मग लगेच टीव्ही लागायचा. काका खाली उतरेनासे झाले. टँकर यायचा, पाणी ओतायचा आणि जायचा. एकदा ड्रायव्हरने मला गाठून विचारलं, काका किधर है, तबियत ठीक है ना. मी म्हटलं ठीक आहे. पाणी संपल्यावरही त्याने इंजिन थोडा वेळ चालूच ठेवलं, वरच्या मजल्याकडे बघत. एरवी मी त्याच्यावर ओरडलो असतो.

बाळाराम एकदा बस घेऊन थेट गेटपाशी आला. ड्युटी संपवून वाकडी वाट करून आला होता. काकांना खाली बोलावलं. काका आले, त्याच्या आईची चौकशी केली, बसला हात लावला, पण मागे गेले नाहीत. बाळारामने इंजिन गरम ठेवलं होतं. तो म्हणाला, काका, बघा तरी. काका म्हणाले, "सदर धूर निर्दोष आहे." वास न घेता दिलेला तो त्यांचा एकमेव निकाल.

परवा सकाळी मी ऑफिसला निघालो आणि पार्किंगमध्ये थबकलो. माझ्या स्कूटरच्या मागे काका वाकले होते. हात कमरेवर, डोळे मिटलेले. नाक त्यांनी मागच्या चाकापाशी नेलं, मग नंबरप्लेटपाशी, मग सीटच्या खाली. कुठे वाकायचं हेच त्यांना कळत नव्हतं. मी खाकरलो तसे ते कमरेला आधार देत उभे राहिले.

"ह्याला काही वासच नाही हो," काका म्हणाले.

मी म्हटलं, नाही काका, बॅटरी आहे, तिला धूर नसतो. हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी मान हलवली, नवीन माहिती मिळाल्यासारखी. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "बिघडतं काय ह्याचं?"

बाहेर डंपरची रांग लागली होती. त्या आवाजात मी आठवायला लागलो. गाडी घेतल्यापासून एकदाही बंद पडली नाही. पंक्चरसुद्धा नाही. पावसात चालवली, खड्ड्यांत आपटली, बायकोने एकदा भिंतीला घासली. काही झालं नाही. मी म्हटलं, कधी कधी, म्हणजे एखाद्या वेळी, चार्जिंगला जरा वेळ लागतो.

काकांचे डोळे लकाकले. ते माझ्या जवळ आले, त्यांनी माझ्या बाहीला धरलं.

"हळू सांगा," ते म्हणाले. "रविवारपर्यंत लक्षात राहायला पाहिजे. वेळ लागतो म्हणजे नक्की काय होतं?"

ते माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. मी गाडीकडे पाहत राहिलो. काहीच होत नाही तिला. अगदी चांगली गाडी आहे. तिचा एवढा राग मला कधीच आला नव्हता.